कपाटावर ठेवलेले रंग

रेवाचा पहिला शब्द 'आई' नव्हता.

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आमच्या घरात, वंदनाच्या माहेरी, सोसायटीतल्या चार-दोन घरांत, सगळीकडे ती गोष्ट पक्की होऊन बसली आहे : पोरगी साडेतीन वर्षं गप्प होती आणि एका दुपारी अचानक 'आई' म्हणाली. वंदना तेव्हा बँकेत होती. मी फोन करून सांगितलं. काउंटरवर बसल्या बसल्याच ती रडली आणि मॅनेजरने शिपायाला पेढे आणायला पिटाळलं. रेवाच्या दर वाढदिवसाला ही गोष्ट निघते. वंदना सांगते, पाहुणे डोळे पुसतात, मी मान हलवतो. रेवाला आता एकविसावं लागलंय आणि मी अजून मान हलवतोच आहे.

नोव्हेंबर सरत आला की आमच्या सीवूड्समध्ये शाळांच्या कुंपणांवर फलक लागतात. 'नर्सरी, ज्युनिअर केजी प्रवेश सुरू'. फलकावरची मुलं हसत असतात, त्यांचे तळवे लाल-निळ्या रंगात बुडवलेले असतात. त्याच सुमाराला खाडीत फ्लेमिंगो उतरायला लागतात, आणि ओहोटीच्या वेळी चिखलाचा तो आंबूस, खारट वास आमच्या चौथ्या मजल्यापर्यंत येतो. इतरांना थंडी आल्याचं पंखा बंद करताना कळत असेल. मला ते त्या फलकांनी कळतं. आणि डाव्या पायाने, जो त्या हिवाळ्यात मोडला होता.

दिवाळीनंतर तिसऱ्याच दिवशी स्कूटर घसरली होती. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, जानेवारीपर्यंत हलायचं नाही. मी बेलापूरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. दुसऱ्यांनी ठरवलेली घरं कागदावर नीट उतरवणं हे माझं काम. ऑफिसने रजा दिली, वंदनाच्या बँकेने तिला दिली नाही. त्यामुळे रेवाला सांभाळणाऱ्या बाईंना सुट्टी देऊन पैसे वाचवू, असं आम्ही ठरवलं, आणि घरात उरलो आम्ही दोघं. एकाला चालता येत नव्हतं, दुसरीला बोलता येत नव्हतं.

तिचे कान तपासून झाले होते. कान ठणठणीत. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या होत्या, काही मुलं उशिरा बोलतात, तुम्ही तिच्याशी भरपूर बोला, खेळू द्या, आठवड्यातून दोनदा थेरपीला आणा. थेरपी वाशीला. माझा पाय पलंगावर आणि वंदना काउंटरवर. कोण नेणार? आम्ही म्हटलं, प्लास्टर निघालं की सुरू करू. पण शाळेची तारीख जानेवारीतच होती. शाळा त्याला 'इंटरॅक्शन' म्हणायची, आम्ही पालक सरळ इंटरव्ह्यूच म्हणायचो. नाव विचारतात, रंग विचारतात, गाणं म्हणायला सांगतात. वंदना जेवताना मध्येच घास हातात धरून थांबायची. "अहो, तिथे ही नुसती बघत बसली तर?"

रेवा नुसती बघत बसत नसे. ती चित्रं काढायची. सकाळी उठली की दात घासायच्या आधी. तेलखडूंचा पत्र्याचा डबा होता, कुणाच्या तरी मुंजीत मिळालेल्या बिस्किटांचा. त्याचं झाकण उघडायचा आवाज हाच तिचा सुप्रभात. मी ऑफिसातून रद्द झालेले नकाशे घरी आणून ठेवले होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती पालथी पडून रंगवत राहायची. एक कागद तासभर चालायचा. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. मध्येच उठून खिडकीशी जायची, काहीतरी पाहून यायची आणि तेवढाच एक रंग लावायची.

आणि मी पलंगावरून सूचना द्यायचो. आकाश वर असतं, खाली कशाला रंगवलंस? माणसाला मान काढ. रेषेच्या आत. एक गोष्ट तर मला फारच खुपायची. सगळा कागद ती गच्च भरायची, पण प्रत्येक चित्रात एक लांबट तुकडा कोरा सोडायची. चहूबाजूंनी रंग आणि मध्ये पांढरी भेग. मी म्हणायचो, "हे राहिलंय, भर." ती मान हलवायची. मी म्हणायचो, "अर्धवट काम चालत नाही, भर ते." मग ती खडू घेऊन, माझ्याकडे बघत, हळूहळू ते भरून टाकायची. त्यानंतर त्या कागदाकडे बघतही नसे.

सारसोळ्याहून जनाबाई आठवड्यातून तीनदा मासे घेऊन यायच्या. वॉचमन त्यांना लिफ्टमध्ये घेत नसे, वास येतो म्हणून. त्या पाटी डोक्यावर घेऊन चार जिने चढायच्या आणि आमच्या दारात टेकून आधी वॉचमनच्या सात पिढ्या उद्धरायच्या. मग वाटे मांडायच्या. बोंबील, मांदेली, कधी निवट्या. मी साताऱ्याकडचा, मला त्यातलं काही कळत नसे, पण रेवा दाराशी उकिडवी बसून वाटे लागताना बघायची.

एकदा तिने त्यांच्यापुढे कागद धरला. मी आतून ओरडलो, "जनाबाई, मनावर घेऊ नका, तिचं काहीतरी गिचमिड असतं."

जनाबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले, कागद उजेडात धरला. "गिचमिड कंचं? ही माजी पाटी नाय का. हे बोंबील. हा जिना. आनि हे तुमी."

"मी कुठे?"

"ह्यो काय पांढरा पाय. सगलीकडं रंग लावलाय पोरीनं, पायाला लावला नाय. पांढऱ्याला पांढरा ठेवलाय." मग माझ्याकडे मान वळवून, "साहेब, तुमी घरांची चित्रं काढता म्हनं हापिसात. पोरीचं बोलनं तुमाला वाचता येत नाय?"

मी हसलो. हसण्यावारी नेलं असं आपण म्हणतो ना, तसं. पण त्या दुपारी मी जुने कागद काढून बघितले. एकूण एक चित्रात मी होतो. एकूण एक चित्रात मला मीच रंग भरायला लावून पुसून टाकलं होतं. प्लॅन आणि एलिव्हेशन एकाच कागदावर वाचणारा माणूस मी. खोली वरून आणि माणूस समोरून, असं तिने काढलेलं मला महिनाभर कळलं नव्हतं.

खरं तर इथेच मी शहाणा व्हायला हवा होतो. झालो नाही. उलट माझ्या मनात आलं, हिला एवढं सगळं कळतं, म्हणजे हिला बोलता येत असणार. ही बोलत नाही, कारण हिला गरज पडत नाही. कागदावर भागतंय.

ऑफिसातल्या एकाने फोनवर उपाय सांगितला. त्याच्या भाच्याला लागू पडला होता म्हणे. मुलाची सर्वांत लाडकी वस्तू काढून घ्यायची आणि तोंडाने मागेपर्यंत द्यायची नाही. मी वंदनाला सांगितलं. तिला आधी पटलं नाही, मग शाळेची तारीख आठवली आणि पटलं. रात्रीच तिने डबा कपाटावर ठेवला, बॅगांच्या मागे.

सकाळी रेवा डबा शोधत फिरली. मी कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "खडू म्हण. खडू." तिने माझा हात धरून ओढला. मी हललो नाही. तिने स्टूल आणलं, ते पुरलं नाही. "खडू म्हण, बाळा. लगेच देतो." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी एखादा खेळ करतोय आणि तिला नियम कळत नाहीयेत, अशी.

अकरा दिवस चाललं हे. दुसऱ्या दिवसापासून ती मिळेल त्याने काढायला लागली. ताटात सांडलेल्या आमटीत बोटाने. गॅलरीच्या गजांवरच्या धुळीत. जनाबाई आल्या की पाटीतून गळणाऱ्या पाण्यात बोट बुडवून ती जिन्याच्या फरशीवर काढायची. काढून होईपर्यंत पहिली रेघ वाळून जायची. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

"रंग कुठं गेलं पोरीचं?" जनाबाईंनी विचारलं.

"बोलली की मिळतील."

जनाबाईंचा हात वाट्यावर थांबला. "म्हंजे उपाशाला सांगायचं, आदी गानं बोल, मंग जेवन?"

"तिच्या भल्यासाठीच चाललंय, जनाबाई."

"असंल," त्या म्हणाल्या. पाटी उचलताना पुन्हा म्हणाल्या, "असंल बा. शिकलेली मान्सं तुमी." त्या दिवशी त्यांनी वर चार मांदेली घातली नाहीत, एरवी रेवासाठी घालायच्या.

अकराव्या दिवशी दुपारी मला झोप लागली. पायाला गुदगुल्या झाल्यासारखं वाटून जाग आली. गुदगुल्या होणं शक्य नव्हतं, प्लास्टर जाड होतं. हलकं खरवडल्याचा आवाज येत होता. रेवा पलंगावर माझ्या पायाशी गुडघ्यांवर बसली होती. हातात वंदनाची भुवयांची पेन्सिल. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सगळं प्लास्टर तिने चित्रांनी भरलं होतं.

मी तिच्या हातावर चापट मारली. हलकी नव्हती.

का मारली, ते इतकी वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आलोय. दचकलो म्हणून. महागाची पेन्सिल म्हणून. दोन्ही खोटं आहे. अकरा दिवस मी जिंकत होतो असं मला वाटत होतं, आणि तिने पळवाट काढली होती. त्याचा राग होता तो.

पेन्सिल उडून पलंगाखाली गेली. ती रडली नाही. तोंड उघडलं, बराच वेळ नुसतंच उघडं राहिलं, आणि मग आतून, घसा खरवडून काढल्यासारखा आवाज आला.

"दे."

तो रेवाचा पहिला शब्द.

मी लंगडत, भिंत धरून, स्टूलवर गुडघा टेकून डबा काढला. मला आनंद झाला होता, हेही कबूल करतो. तिने डबा घेतला, उराशी धरला आणि गॅलरीत जाऊन बसली. झाकणाचा आवाज आला नाही. मी फोन लावला.

"बोलली, वंदना. रेवा बोलली."

"काय? काय बोलली? अहो, सांगा ना!"

'दे' म्हटलं असतं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. आणि पलीकडे ती श्वास रोखून होती. तिला कुठला शब्द ऐकायचाय ते मला माहीत होतं. मी तो दिला.

पुढे सगळं भराभर झालं. एक खडू हवा असला तर रंगाचं नाव सांगायचं, असा नियम मी केला. लाल. मग रेड. मग 'रेड द्या बाबा'. तिने नावं शिकली. पण चित्रात रंग कमी होत गेले. आधी सात-आठ असायचे, मग तीन, मग एकच. एकच रंग घेतला की एकदाच तोंड उघडावं लागतं ना. जानेवारीत ती शाळेत धडाधड बोलली, प्रवेश झाला. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात तिने तिथून चित्र आणलं : दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी. खाली चांदणी चिकटवलेली. आकाश वर होतं. सगळं रेषेच्या आत होतं. घरी तिने त्यानंतर डबा उघडल्याचं मला आठवत नाही.

प्लास्टर कापायला गेलो तेव्हा तिथल्या माणसाने करवत फिरवायच्या आधी विचारलं, "कुणी काढलंय हो हे? मस्त आहे. घरी न्यायचं असेल तर सांभाळून कापतो."

"टाकून द्या," मी म्हणालो. वंदना बाजूला होती, तिने नीट बघू नये असं मला वाटत होतं. घरी पायावर सतत चादर असायची, मीही नीट बघितलं नव्हतं. त्यावर काय होतं, मला आजही माहीत नाही.

रेवा आज छान बोलते. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वर्गात प्रेझेंटेशन वगैरे देते. फक्त ती काही मागत नाही. लहानपणी बाहुली मागितली नाही, मोठेपणी फोन मागितला नाही. पाणी हवं असेल तर स्वतः उठते. ताप असला तरी उठते. नातेवाईक कौतुक करतात, किती समजूतदार मुलगी. हे माझ्यामुळेच झालं, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझ्यामुळे नाही, असंही म्हणता येत नाही. ती कदाचित आपोआपच बोलली असती, दोन महिन्यांनी, वाशीला जाऊन, हातात खडू धरून. हे 'कदाचित' मला कुठे नेऊन ठेवावं ते कळत नाही.

मागच्या रविवारी आमच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलांच्या चित्रकलेवर एका बालवाडीच्या बाईंचं बोलणं होतं. वंदना कमिटीत आहे, त्यामुळे खुर्च्या भरायला मी. बाई चांगलं बोलत होत्या. म्हणाल्या, मूल रेघ ओढतं तेव्हा त्याची बोटं तर तयार होतातच, पण त्याहून मोठं काहीतरी होतं. आपल्या आत जे आहे ते बाहेर ठेवता येतं आणि दुसरं माणूस ते बघतं, हे त्याला पहिल्यांदा कळतं. बोलण्याची खरी सुरुवात तिथे होते. "तेव्हा काय काढलंस म्हणून दरडावू नका, चुका दाखवू नका. मला सांग ना म्हणा, आणि ऐकून घ्या," बाई म्हणाल्या. मागच्या रांगेत कुणाचा तरी फोन वाजला. मी बुटांकडे बघत बसलो होतो.

बाहेर पडताना तिसऱ्या मजल्यावरच्या प्रज्ञाने गाठलं. तिची तनू सव्वातीन वर्षांची, बोलत नाही. "काका, वर येता का पाच मिनिटं? काकू म्हणाल्या, रेवाताईला तुम्ही पंधरा दिवसांत बोलतं केलंत. मी चालू केलंय बरं का, परवापासूनच. पण मला जमतंय का बघा ना जरा."

तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर स्केचपेनांचं पाकीट होतं. तनू खाली बसून वाटीतल्या पाण्यात बोट बुडवत होती.

"ते खाली काढ," मी म्हणालो. "दे तिला."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"चुकलं होतं माझं. डॉक्टरांकडे ने तिला, थेरपी लाव, पण रंग काढून घेऊ नकोस."

"थेरपी लावलीय काका, नंबर महिन्यानंतरचा आहे. आणि इंटरॅक्शन आहे बावीस तारखेला." तिचे डोळे भरले होते, वंदनाचे भरायचे तसेच. "माझी सासू रोज विचारते, मुकीच राहणार का म्हणून. तुम्हाला काय टेन्शन, तुमचं निभावलं सगळं. रेवाताई बोललीच ना?"

"बोलली."

"मग?"

मग काय, ते सांगायला चापट सांगावी लागली असती, आणि तो शब्द. ते माझ्या तोंडून आलं नाही. "बघ बाई, मला वाटलं ते सांगितलं," असं काहीतरी पुटपुटून मी निघालो. तनूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाच्या खिशात पेन होतं. ते काढून तिच्या हातात द्यावं, एवढंही सुचलं नाही. जिन्यात आल्यावर सुचलं, आणि परत चार पायऱ्या उतरायचा धीर झाला नाही.

घरी वंदनाने विचारलं, "सांगितलंत का तिला नीट?" मी मान हलवली.

रात्री रेवा अभ्यास करत होती. मी दारात उभा राहून विचारलं, "काही हवंय का गं?"

"नको बाबा." पुस्तकातून डोकं वर न काढता, गोड आवाजात.

मी उगाच तिथे उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने वर पाहिलं. "काय झालं? तुम्हाला हवंय का काही?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिच्या खोलीचा दिवा डोळ्यांवर येतोय असं काहीतरी कारण काढून दार लोटून घेतलं.

लिहिताना जमतं, समोर माणूस नसतं. उद्या ही चार पानं हाताने प्रज्ञाच्या दारात नेऊन देणार आहे, बावीस तारखेच्या आत. तोंडाने जमलं नाही तर नाही. पण ती वाचेल, काकूंशी बोलेल, आणि गोष्ट आमच्या घरात दुसऱ्याच्या तोंडून येईल. तसं व्हायला नको, हेही कळतं. आज संध्याकाळी दोघी घरी होत्या. चहा झाला, टीव्ही झाला, जेवणं झाली.

वंदनाला खरा शब्द सांगायचा आहे. रेवाची माफी मागायची आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.